एकटें बसणारें मूल आणि त्याचे सवंगडी

मे महिन्याच्या सुटींत ज्या घरीं चारपांच बिऱ्हाडांचीं मुलें एकत्र जमतात, त्या घरांत एक मूल तरी असें निघतेंच, कीं बाकीचा सारा मेळा अंगणांत लगोरी खेळण्यांत दंग असतांना तें जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गुडघ्यांस मिठी मारून बसलेलें असतें. घरांतील प्रत्येक वडील माणसास त्याच्याविषयीं कांहीं ना कांहीं म्हणावयाचें असतें. आजी म्हणते, "लाजाळू आहे हो." आत्या म्हणते, "घुमा आहे नुसता." काकांच्या मतें तो एकलकोंडा, आणि भेटीस आलेल्या एखाद्या बाई, त्यानें आपल्या प्रश्नास उत्तर दिलें नाहीं एवढ्यावरून, "शिष्ट दिसतो तुमचा मुलगा," असा निकाल देऊन मोकळ्या होतात.

ह्या चार शब्दांचे अर्थ चार आहेत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. लाजाळू मुलास चौघांत जावेंसें वाटतें, परंतु त्याचें पाऊल उचलत नाहीं. एकलकोंड्यास चौघांची गरजच फारशी भासत नाहीं. घुम्याच्या पोटांत कांहीं तरी आहे व तो तें बाहेर येऊं देत नाहीं, असा संशय त्या शब्दांत आहे. आणि शिष्ट म्हटलें कीं, तो आपणांस इतरांहून वरचढ समजतो, असा उघड आरोपच झाला. आपल्या भाषेंत अशा शब्दांची टंचाई नाहीं. बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ, तुसडा, माणूसघाणा, अशी ही यादी पुष्कळ वाढवितां येईल. इतका बारीक भेद करणारी भाषा पदरीं असून आपण मात्र, घाईच्या वेळीं हाताला लागेल तें भांडें घ्यावें तसा, जिभेवर येईल तो शब्द घेतों, आणि एकाच मुलास सकाळीं लाजाळू व संध्याकाळीं शिष्ट ठरवितों.

परंतु वडील माणसांच्या मतांपेक्षां निराळ्याच एका मताविषयीं आज आम्हांस लिहावयाचें आहे. त्या मुलाचा दिवस ज्यांच्या संगतींत जावयाचा असतो, त्या त्याच्या बरोबरीच्या पांच, सहा, सात वर्षांच्या मुलांस त्याच्या एकटेपणाचा काय अर्थ लागतो? एवढ्याशा पोरांस त्यांतलें काय कळणार, असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्हीही होतों. तसें म्हणतां येत नाहीं, हें कांहीं वाचनावरून व कांहीं स्वतःच्या घरीं खाल्लेल्या ठेंचेवरून आमच्या ध्यानीं आलें आहे.

मोठ्यांची नजर ह्या बाबतींत किती अंधुक असते, ह्याची एक जुनी हकीकत आहे. अमेरिकेंतील विकमन ह्या अभ्यासकाचें, मुलांचें वर्तन व शिक्षकांची त्याकडे पाहण्याची दृष्टि ह्या विषयावरील पुस्तक १९२८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यानें शिक्षकांपुढें मुलांच्या दोषांची एक लांबलचक यादी ठेवून ह्यांपैकीं गंभीर कोणते, असें विचारलें. शिक्षकांनीं चोरी, खोटें बोलणें, आज्ञाभंग अशा गोष्टी वर घातल्या; लाजाळूपणा आणि चारचौघांपासून दूर राहणें हीं त्यांच्या यादींत पार तळाशीं गेलीं. तीच यादी मनोविकारांच्या तज्ज्ञांकडे गेली तेव्हां त्यांनीं माणसांपासून दूर राहणें, संशयीपणा, खिन्नता ह्यांस अग्रस्थान दिलें. दोन्ही पक्षांस प्रश्न एकाच शब्दांत विचारले नव्हते, असा आक्षेप पुढें घेण्यांत आला व तो रास्त होता. तरी त्यांतील मुख्य गोष्ट आपल्याकडील कोणत्याही शाळेंत आजही दिसते. जो मुलगा दंगा करतो त्याच्या घरीं चिठ्ठी येते. जो तोंड उघडीत नाहीं त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'वर्तणूक उत्तम' असा शेरा पडतो.

मुलांच्या बाबतींतही प्रथम असेंच वाटलें होतें. कॅनडांतील माँट्रिअल येथें यंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८५ च्या सुमारास जे अभ्यास केले, त्यांत असें आढळलें कीं, मारकुट्या मुलाविषयीं पहिल्या इयत्तेंतील मुलांची कल्पनाही चांगली पक्की झालेली असते व त्याचें वर्णन ऐकविलें तर तें त्यांच्या लक्षांत राहतें. दूर राहणाऱ्या मुलाविषयींची कल्पना मात्र वरच्या इयत्तांत जातां जातां हळूहळू आकार घेते. हें स्वाभाविकच आहे. ज्यानें आपल्याला ढकललें तो विसरला जात नाहीं; ज्यानें कांहींच केलें नाहीं त्याचें काय आठवावें? परंतु आपण होऊन न आठवणें निराळें, आणि कोणीं विचारलें असतांही न समजणें निराळें.

ते विचारण्याचें काम ओटावा येथील कार्लटन विद्यापीठांतील रॉबर्ट कोप्लन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलें. त्यांचा निबंध २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीं, १९९० सालीं, येन्स आसेन्डॉर्फ ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञानें एक उपयुक्त भेद सांगितला होता. प्रत्येक मुलाच्या मनांत दोन ओढी असतात, एक इतरांकडे नेणारी व दुसरी इतरांपासून मागें खेंचणारी. लाजाळू मुलाच्या ठायीं दोन्ही बळकट असतात, म्हणून तें मधल्यामध्यें खिळून राहतें. ज्याला एकांतच रुचतो त्याच्या ठायीं पहिली ओढ मंद असते, परंतु दुसरीही कांहीं बळकट नसते, म्हणून बोलावलें तर तें खुशाल येतें. कोप्लन ह्यांनीं बालवर्गांतील व पहिल्या इयत्तेंतील मुलांस एकेकटें बसवून कल्पित मुलांच्या छोट्या हकीकती सांगितल्या. एक लाजणारा, एक आपल्याच नादांत खेळणारा, एक मारामारी करणारा. आणि मग विचारलें, हा असें मुद्दाम करतो का? ह्याला इतरांबरोबर खेळावेंसें वाटत असेल का? तुला हा मित्र म्हणून आवडेल का? पांच-सहा वर्षांच्या त्या मुलांनीं लाजणाऱ्यांत व एकांतप्रियांत स्पष्ट भेद केला. दोघेही एकटेच बसलेले, परंतु दोघांच्या मनांतील हेतु एक नाहीं, हें त्यांस उमगलें होतें.

हें वाचीत असतां आम्हांस आमच्याच घरच्या पायरीची आठवण झाली. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या मावसबहिणीचा सहा वर्षांचा नातू मुंबईहून आमच्याकडे महिनाभर राहावयास आला होता. आला त्या दिवसापासून तो जिन्यांत बसे. मांडीवर चित्रांचें एक पुस्तक असे. जेवावयास हांक मारली कीं येई, पानांतलें मुकाट्यानें संपवी व पुन्हां जिन्यांत जाऊन बसे. चार दिवसांनीं, मुलांचें मत तरी घेऊन पाहूं, असें आमच्या मनांत आलें. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या होत्या व कावळ्यांपासून त्यांची राखण करण्यास पाळीपाळीनें एकेक मूल बसविलेलें असे. त्या संधीचा फायदा घेऊन आम्हीं तिघांस निरनिराळें गांठलें.

पांच वर्षांची आमची नात म्हणाली, "त्याला यायचंय. तो सारखा आमच्याकडे बघत असतो ना! पण त्याच्या पोटात असं असं होतं." आणि तिनें आपल्या पोटावर तळहात गोल फिरवून दाखविला. सात वर्षांचा नातू म्हणाला, "त्याला नाही आवडत लगोरी. त्याला पुस्तक आवडतं." मग तुला त्याचा राग येतो का, असें विचारतां त्यानें आम्हांकडे नवलानें पाहिलें. "राग कशाला? आवडतं तर वाचू दे की."

तिसरी पुतण्याची मुलगी, वय वर्षें नऊ. साऱ्या मुलांची ती पुढारी. ती म्हणाली, "त्याला आमच्यात यायचंच नाही. तो मुंबईचा ना! त्याला आम्ही सगळे खेडवळ वाटतो." हें तुला कोणीं सांगितलें, असें आम्हीं विचारलें. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आजोबा, परवा तुम्हीच नाही का आजीला म्हणालात, पोरगा जरा शिष्टच आहे म्हणून?"

आम्ही म्हणालों होतों खरें. रात्रीं ओटीवर बसून, त्यानें सकाळीं आमच्या नमस्काराच्या वेळीं मान फिरविली ह्या रागाच्या भरांत, आणि मुलें झोंपलीं आहेत अशा समजुतीनें.

पुढें आम्हांस अधिक लाजविणारी गोष्ट घडली. त्याच संध्याकाळीं चेंडू घरंगळत जिन्यापाशीं आला. मुलगा पायरीवरून उतरला, त्यानें तो उचलला व नीट हातांत मिळेल असा परत टाकला, आणि पुन्हां वर न जातां खालच्याच पायरीपाशीं उभा राहिला. आम्ही खिडकींतून पाहत होतों. आमच्या समजुतीप्रमाणें त्याच्याकडून होण्यासारखी तेवढी मागणी त्यानें केली होती. अंगणांतून 'ये' असा शब्द आला असता तर तो गेला असता, असें आजही आम्हांस वाटतें. परंतु पुढारीणबाईंनीं चेंडू झेलला व कोणास तरी सांगितलें, "त्याला नको घेऊस, तो शिष्ट आहे." शब्द आमचाच होता, उच्चारही आमचाच. तो पुन्हां तिसऱ्या पायरीवर जाऊन बसला.

मुलांच्या मनांत ह्या वेळीं काय चालतें, ह्याचा एक उलगडा सँड्रा ग्रॅहम व होएन ह्यांच्या १९९५ च्या अभ्यासांत आहे. दुसऱ्याचें वागणें त्याच्या हातचें आहे, तो जाणूनबुजून तसें करतो, असें वाटलें कीं मुलांस त्याचा राग येतो. तें त्याच्या हातचें नाहीं असें वाटलें कीं कींव येते व मदत करावीशी वाटते. मारकुट्या मुलास मुलें सहसा पहिल्या वर्गांत घालतात, दूर राहणाऱ्यास दुसऱ्या. आतां लाजाळू ह्या शब्दानें मूल दुसऱ्या वर्गांत राहतें आणि शिष्ट ह्या शब्दानें तें एकदम पहिल्या वर्गांत जाऊन पडतें. मूल तेंच, पायरी तीच. मधें फक्त वडील माणसाचा एक शब्द. धाकटी अजून आमचीं मतें ऐकण्याच्या वयाची झाली नव्हती, तिनें त्याच्या डोळ्यांकडे पाहून उत्तर दिलें. थोरलीनें आमचें ऐकून दिलें.

आणि धाकटीचें पाहणें किती नेमकें होतें! मिल्ड्रेड पार्टन ह्या बाईंनीं १९३२ सालीं मुलांच्या खेळांचे जे प्रकार लिहून ठेवले, त्यांत आपल्याशींच खेळणारें मूल व दुसऱ्यांचा खेळ नुसता पाहत उभें राहणारें मूल हीं वेगवेगळीं मोजलीं आहेत. काठावरून पाहत राहणें हें बहुधा त्या दोन ओढींच्या रस्सीखेंचीचें लक्षण असतें, असें पुढील संशोधकांनीं दाखविलें. ठोकळ्यांचा मनोरा रचण्यांत गढून गेलेल्या एकट्या मुलाची काळजी करावयास नको. मग आम्हीं जिन्यांतील मुलाकडे लक्ष ठेवून पाहिलें, तों तासाभरांत त्याच्या पुस्तकाचें पान एकदांही उलटलें नाहीं. सात वर्षांच्या नातवाचा तर्क उदार होता, पण चुकीचा होता.

मोठ्यांच्या मताचा हा संसर्ग केवळ एका घरापुरता नसतो. झिन्यिन चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९२ सालीं शांघाय व कॅनडा येथील प्राथमिक शाळांतील मुलांची तुलना प्रसिद्ध केली. कॅनडांत लाजाळू मुलें सोबत्यांस नकोशीं असत. शांघायमध्यें तीं हवींशीं असत, कारण तेथें गप्प व संकोची मूल हें सुसंस्कृत व समंजस समजलें जाई. पुढें ह्याच संशोधकानें शांघायमधील १९९०, १९९८ व २००२ ह्या तीन सालांतील मुलें ताडून पाहिलीं. १९९० मध्यें लाजाळू मुलांस सोबत्यांत व अभ्यासांत मान होता. १९९८ मध्यें चित्र संमिश्र झालें. २००२ मध्यें तीं दूर सारलीं जाऊं लागलीं होतीं व खिन्नही आढळलीं. बारा वर्षांत मुलांचा स्वभाव बदलला असेल काय? व्यापारउदीम बदलला, धीटपणास व पुढें पुढें करण्यास मोल आलें, आणि तें मोल मुलांनीं मोठ्यांकडून उचललें. आपल्याकडेही 'मूल कसें गरीब आहे हो!' असें जें कौतुकानें म्हणत, तें आतां फारसें ऐकूं येत नाहीं. त्याऐवजीं दिवाणखान्यांत पाहुणे येतांच मुलास मध्यें उभें करून "श्लोक म्हणून दाखव, इंग्रजी कविता म्हणून दाखव," असा आग्रह होतो, आणि तें आईच्या पाठीशीं दडलें कीं साऱ्यांसमक्ष त्याचें नामकरण होतें. शेजारीं उभीं असलेलीं भावंडें तें नांव त्याच क्षणीं पाठ करतात, श्लोकाहून लौकर.

ह्या चुकींत आम्ही एकटेच नाहीं, एवढेंच आमचें समाधान. घरीं पोपटासारखें बोलणारें व शाळेच्या दारांत पाऊल टाकतांच मुकें होणारें मूल वैद्यांस फार दिवसांपासून ठाऊक आहे. १८७७ सालीं कुसमाउल ह्या जर्मन वैद्यानें त्यास स्वेच्छेनें पत्करलेली वाचाहीनता असें नांव दिलें. १९३४ सालीं स्वित्झर्लंडमधील ट्रामर ह्यानें दिलेलें नांवही, मूल आपण होऊन मौन निवडतें, ह्याच अर्थाचें होतें. अमेरिकन मनोवैद्यांच्या ग्रंथांत १९९४ सालीं तें बदललें. विशिष्ट ठिकाणींच येणारें मौन, असा आतांचा अर्थ आहे. आणि २०१३ पासून तें भीतीच्या विकारांत गणलें जातें. 'बोलत नाहीं' पासून 'बोलवत नाहीं' येथवर येण्यास विद्वान वैद्यांस शंभराहून अधिक वर्षें लागलीं. पोटावर हात फिरविणाऱ्या आमच्या नातीस चार दिवस पुरले. असें मौन शाळेंतील पहिला महिना उलटून गेल्यावरही महिनाभर टिकलें, तर मात्र तज्ज्ञास दाखवावें. हट्ट समजून दटावण्यानें तें वाढतें.

आणखी एक भेद आईबापांनीं चुकूं नये. बाजूस बसलेलें मूल आणि बाजूस बसविलेलें मूल हीं लांबून सारखींच दिसतात. ज्याला डब्यांतील पदार्थावरून, बोलण्यावरून, कपड्यांवरून चिडवून वर्गानें घालवून दिलें, त्याचा बुजरेपणा घालविण्याचे उपाय करणें हा शुद्ध अन्याय आहे. तेथें उपाय वर्गाचा करावयास हवा. आमच्या पायरीवरील मुलगा आला तेव्हां पहिल्या प्रकारचा होता. त्या चेंडूच्या संध्याकाळीं तो दुसऱ्या प्रकारचा होऊं लागला होता.

आतां एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांच्या विशेष उपयोगाची एक गोष्ट. मिनेसोटा येथें फर्मन, राहे व हार्टप ह्यांनीं शिशुशाळेंतील दूर राहणाऱ्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९७९ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं मुलांस त्यांच्याहून वर्षा-दीड वर्षानें लहान अशा मुलाबरोबर दहा वेळां जोडीनें खेळूं दिलें, कांहींस बरोबरीच्या मुलाबरोबर, कांहींस कोणाबरोबरच नाहीं. धाकट्याची जोडी मिळालेलीं मुलें पुढें आपल्या वर्गांत सर्वांत अधिक मिसळूं लागलीं. कारण उघड आहे. बरोबरीच्यांपुढें ज्याची जीभ उचलत नाहीं, त्याला धाकट्यापुढें प्रथमच पुढाकार घ्यावयास मिळतो, आणि त्याचें म्हणणें कोणी तरी ऐकतें. आमच्या लहानपणीं अंगणांतील खेळांत धाकट्यांस 'लिंबूटिंबू' म्हणून घेत. त्याच्यावर राज्य येत नसे, पण तो खेळांत असे. वयांची अशी सरमिसळ आतां शाळेंतील इयत्तांच्या भिंतींनीं नाहींशी केली आहे. घरांत ती अद्याप आहे, आणि पुष्कळ घरांत तीही राहिलेली नाहीं.

आम्हीं हें सारें जाणून योजिलें, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. दुसऱ्या दिवशीं कुरडयांस राखणदार हवा होता आणि धाकटी एकटी बसावयास तयार नव्हती, इतकेंच. आम्हीं दोघांच्या हातीं एकेक काठी दिली. पहिला दिवस तिनेंच बडबड केली. तिसऱ्या दिवशीं दुपारीं गच्चीवरून एवढ्या मोठ्यानें "हाऽऽ हाऽऽ!" असा आवाज आला कीं, खालीं वामकुक्षी करणारीं सर्व मंडळी उठून बसलीं. आमच्या घरांत त्याचा आवाज आम्हीं ऐकला तो असा, कावळ्यांवर काढलेला.

थोरलीस बाजूला बोलावून, आम्ही परवां जें बोललों तें चुकीचें होतें, असें आम्हांस सांगावें लागलें. नातीसमोर असें बोलणें वाटतें तेवढें सोपें नाहीं. तिनें विचारलें, "मग तो कसा आहे?" आम्हांस एक शब्द सांगतां आला नाहीं, व तो न सांगितलेलाच बरा, असें आम्हीं मनाशीं म्हटलें. लगोरींत तो शेवटपर्यंत आला नाहीं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं लपंडावांत मात्र होता. धाकटीचा हात धरून, दोघांचा मिळून एक गडी म्हणून.

परवां त्याच्या आजीचा फोन आला, तेव्हां धाकटीनें तो आमच्या हातून ओढून घेतला व वाळवण संपलें म्हणून आतां कावळे येत नाहींत, ही बातमी त्याला सांगितली. पलीकडून तो काय म्हणाला तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. फोन मात्र आम्हांस बऱ्याच वेळानें परत मिळाला.